गोणीवर लेबल नव्हते: एक्स-प्रेस पर्ल आणि प्लास्टिक दाण्याचे प्रकरण

प्लास्टिकच्या धंद्यात त्याला नुसते ‘दाणा’ म्हणतात. भोसरीचे मोल्डिंगचे शॉप असो, वसईचा पिशव्यांचा कारखाना असो की दमणचा, माल म्हणजे दाणा. व्हर्जिन दाणा, रिप्रोसेस दाणा, नॅचरल, काळा. आकार दोन ते पाच मिलिमीटर, दिसायला कोरड्या साबुदाण्यासारखा, बोटांत धरला तर किंचित मेणचट. बादली, पाइप, दुधाची पिशवी, सलाइनची नळी, सगळ्यांची सुरुवात इथून होते. येतो २५ किलोच्या गोणीत; पॅलेटवर चाळीस ते पंचावन्न गोण्या आणि वरून स्ट्रेच फिल्मचे वेढे.

एका दाण्याचे वजन साधारण २० ते २५ मिलिग्रॅम. म्हणजे किलोत चाळीस-पन्नास हजार दाणे आणि एका गोणीत दहा-बारा लाख. मे २०२१ मध्ये कोलंबोसमोर जळालेल्या एक्स-प्रेस पर्ल या जहाजावर असा १,६८० टन दाणा होता. गोण्यांत मोजला तर ६७,२००. दाण्यांत मोजला तर सत्तर अब्जांच्या घरात. त्यातला काही जळला, काही जहाजाबरोबर तळाला गेला आणि उरलेला किनाऱ्यावर आला. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण पथकाने तेव्हा ही नोंदलेली सर्वात मोठी प्लास्टिक दाण्याची सांडणी ठरवली.

मायक्रोप्लास्टिकचा अभ्यास करणाऱ्यांच्या हाती सहसा उलटा माल असतो. पाण्यात, मातीत, रक्तात कण सापडतो, पण तो कुणाचा, कधीचा आणि कुठून आला ते कळत नाही. ‘मेंदूत प्लास्टिक’, ‘नाळेत प्लास्टिक’ अशा मथळ्यांतून जी धास्ती वाढते, तिची धार याच बेनामीपणातून येते. इथे मात्र जहाज, तारीख, टनेज आणि मालाची यादी सगळे कागदावर आहे, म्हणून हे प्रकरण मुळापासून तपासता येते.

गळतीपासून बुडण्यापर्यंत

जहाज जुनाट नव्हते. सिंगापूरचा झेंडा, १८६ मीटर लांबी, २०२१ च्या फेब्रुवारीतच ताब्यात आलेले, म्हणजे अपघाताच्या वेळी जेमतेम तीन महिन्यांचे. वाटेत ११ मे रोजी एका कंटेनरमधून नायट्रिक आम्ल गळत असल्याचे लक्षात आले. चालक कंपनीच्या म्हणण्यानुसार हा कंटेनर उतरवून घ्या अशी विनंती आधी कतारच्या हमाद बंदराला आणि मग गुजरातच्या हजिराला केली गेली. असा माल हाताळायची सोय किंवा तज्ज्ञ माणसे लगेच उपलब्ध नाहीत, असे सांगून दोन्हीकडे नकार मिळाला. जहाज गळका कंटेनर घेऊनच निघाले आणि १९ मेच्या रात्री कोलंबोबाहेर, किनाऱ्यापासून साडेनऊ सागरी मैलांवर नांगर टाकून उभे राहिले.

२० मेला धूर दिसला. तीव्र नायट्रिक आम्ल लाकूड, कागद, सूत अशा सेंद्रिय पदार्थांना लागले की उष्णता आणि तांबूस वायू सोडते. ते स्वतः जळत नाही, पण दुसऱ्याला जाळायला प्राणवायू पुरवते. २५ मेला स्फोट झाला आणि पंचवीसही खलाशांना उतरवले गेले. त्यांतले दोघे जखमी होते. भारतीय तटरक्षक दलाची जहाजे आग विझवायला आली. १ जूनच्या सुमारास आग आटोक्यात आली आणि २ जूनला जहाज खोल समुद्रात ओढून न्यायचा प्रयत्न झाला. त्यात मागचा भाग सुमारे २१ मीटर खोलीवर तळाला टेकला. १७ जूनला सगळे जहाज बसले.

आग इतकी चिवट का होती, याचे अर्धे उत्तर दाण्यात आहे. एक किलो पॉलिथिलीन जळताना साधारण एक किलो डिझेलइतकी उष्णता देते. लो-डेन्सिटी दाणा ११० अंश सेल्सिअसच्या आसपासच वितळतो. तेव्हा कंटेनर तापला की आतली गोणी घन राहत नाही. वितळून खालच्या फटीतून झिरपते आणि पेटते. होजचे पाणी पत्र्यावर पडते. आत जे वितळते आहे त्यापर्यंत ते पोहोचत नाही.

आता मालाची यादी पाहा. एकूण १,४८६ कंटेनर. त्यांपैकी ८१ धोकादायक मालाचे: २५ टन नायट्रिक आम्ल, कॉस्टिक सोडा, मिथेनॉल वगैरे. या ८१ वर आंतरराष्ट्रीय सागरी धोकादायक माल संहितेप्रमाणे लेबले होती. ते कुठे रचायचे, कशापासून किती लांब ठेवायचे, हे तक्त्यांनी ठरलेले होते. दाणा या ८१ मध्ये नव्हता. संहितेच्या लेखी तो पंखे किंवा बिस्किटांइतकाच निरुपद्रवी. दोन मालांत अंतर किती, हे सांगणारे विलगीकरणाचे तक्ते धोकादायक मालाच्या आपापसांतल्या अंतरापुरते असतात. जो यादीतच नाही, त्याच्याविषयी ते गप्प असतात. आम्ल समुद्रात पातळ होऊन गेले, मिथेनॉल उडून गेले. वर्षानुवर्षे किनाऱ्यावर राहिला तो लेबल नसलेला माल. प्रकरणाची मेख इथेच आहे, बाकी सगळे त्याचे परिणाम.

किनाऱ्यावर काय आले

कोलंबोच्या उत्तरेच्या सरक्कुवा, पामुनुगामा, नेगोम्बो या पट्ट्यात पहिल्या दिवसांत वाळू दिसेनाशी झाली. लाटेच्या रेषेला पांढरी साय धरल्यासारखा थर, वर फुटक्या गोण्या आणि वितळून गोठलेली ढेकळे. त्यात देशभर कोविडची टाळेबंदी होती, म्हणजे स्वयंसेवक बाहेर पडू शकत नव्हते. सुरुवातीचा उपसा नौदल, लष्कर आणि सागरी पर्यावरण संरक्षण प्राधिकरणाच्या माणसांनी केला. वाहून आलेल्या वस्तू घरी नेणारे लोकही होते; त्यांना रसायन लागले असेल, हात लावू नका, असे सांगत पोलीस फिरत होते.

वरवर सगळा पांढरा दाणा वाटला तरी माल एकसारखा नव्हता. श्रीलंकेच्या सागरी जीवशास्त्रज्ञ आशा डि व्होस आणि अमेरिकेतल्या वुड्स होल सागरविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी लगेच नमुने घेऊन त्यावर त्याच वर्षी निबंध प्रसिद्ध केला. त्यातून जे दिसले ते साफसफाईच्या दृष्टीने फार कामाचे आहे. एक, न जळलेला पांढरा दाणा. दोन, आच लागून तपकिरी, करडा झालेला. तीन, वितळून एकमेकांना चिकटलेली ढेकळे आणि पापुद्रे, नखापासून तळहाताहून मोठ्या आकारापर्यंत. जळक्या प्लास्टिकची रासायनिक गुंतागुंत पांढऱ्याच्या साधारण तिप्पट निघाली. अर्धवट ज्वलनातून तयार होणारी बहुचक्रीय संयुगे त्यात होती. आणि ते ठिसूळ होते.

ठिसूळपणा ही तिथली सर्वात महागडी गोष्ट. पांढरा दाणा चिमटीत दाबा, काही होत नाही. जळका तुकडा दाबा, कोळशाच्या कपचीसारखा चुरा होतो. म्हणजे दाताळ्याने ओढला, पोत्यात कोंबला किंवा त्यावरून बूट गेला की मिलिमीटरचा तुकडा सूक्ष्म भुकटी होतो आणि चाळणीतून वाळूबरोबर खाली उतरतो. शिवाय रंग गारगोटीसारखा, कोळशासारखा. पांढऱ्या दाण्याला सरावलेली नजर त्याला ओलांडून जाते. साफ झाला म्हणून शिक्का मारलेल्या किनाऱ्यावर मागे राहतो तो नेमका हाच.

उपसा: काय चालते, काय फसते

तेलगळतीला ठरलेली साधने आहेत: तरंगते कुंपण, शोषक, स्किमर. दाण्याला तसे काही नाही. कुंपण लाटांत चालत नाही, दाणा वरून उडी मारून जातो. दाट पॉलिथिलीनची घनता ०.९४ ते ०.९७, हलक्याची ०.९१ ते ०.९३, समुद्राच्या पाण्याची १.०२ च्या थोडी वर. म्हणून दाणा कायम वरच राहतो, आणि वरचे पाणी नेईल तिकडे जातो. नैर्ऋत्य मोसमी वारे सुरू होत असताना ही सांडणी झाली. म्हणजे समुद्र खवळलेला, वारा किनाऱ्याकडे, आणि बोटीतून जाळी लावून दाणा पकडायचा विचारही नको.

तेव्हा काम वाळूत. पहिली चूक बहुधा घाईची असते: जेसीबी आणायचा. बकेट वरचा थर उचलतो, पण चाके आणि साखळ्या उरलेला दाणा वीतभर खाली दाबतात. शिवाय एका घमेल्याएवढ्या दाण्यासाठी ट्रकभर वाळू जाते, आणि ती वाळू पुन्हा आणायची कुठून हा प्रश्न उरतो. दुसरी चूक, पाण्याचा जोरदार फवारा. दाणा धुऊन एकत्र येईल असे वाटते, प्रत्यक्षात ओली सैल वाळू त्याला गिळते.

हाताने करायचे काम कंटाळवाणे असले तरी चालते. ताज्या थराला झाडू, प्लास्टिकची चपटी सुपली आणि घमेले. भरतीची ताजी रेषा पुढची भरती चढू लागण्याआधी, म्हणजे पाच-सहा तासांत उचलायची. नाहीतर ती गाडली जाते. माणसांनी रेषेच्या समुद्राकडच्या बाजूने चालायचे, रेषेवरून नाही. मर्यादवेल आणि किनारी गवतात दाताळे घालायचे नाही. मुळे उपटली की वाळूचा बांध जातो. तिथे हाताने वेचायचे नाहीतर सोडून द्यायचे. कासवांच्या विणीची जागा आधी खुंट्या मारून वेगळी करायची. जळक्या मालाला हातमोजे आणि मास्क हवेतच.

मग चाळणी. साधी वाळू दोन मिलिमीटरच्या जाळीतून खाली जाते, दाणा वर राहतो. त्याच्यासोबत शिंपले, काटक्या, खडेही राहतात. मोठ्या कामाला फिरते पिंप वापरतात, उतरता जाळीदार दंडगोल, ज्याला इंजिनिअर ट्रॉमेल म्हणतात. एका तोंडाने वाळू टाकायची, दुसऱ्या तोंडाने दाणा पडतो. पण त्याला कोरडी वाळू लागते. ओली वाळू जाळीला लिंपून बसते आणि दहा मिनिटांत पिंप आंधळे होते. पावसाळ्यात हे यंत्र बऱ्याच वेळा उभेच राहते. उपाय म्हणजे माल छपराखाली पसरून सुकवणे, नाहीतर सरळ पाण्याची पद्धत: टाकीत समुद्राचे पाणी, त्यात चाळलेला ऐवज, काठीने ढवळायचे. शिंपले आणि खडे बसतात, दाणा आणि लाकूड वर येते. वरचे झाऱ्याने काढायचे, सुकवायचे आणि सुपाने पाखडायचे. हलकी काटकी-पालापाचोळा उडतो, दाणा सुपात राहतो. धान्य निवडणाऱ्या बाईला हे शिकवावे लागत नाही. टाकीतले पाणी सोडताना ते एक मिलिमीटरच्या जाळीतून किंवा घट्ट विणीच्या कापडातून सोडायचे. नाही सोडले तर सकाळपासून गोळा केलेला चुरा संध्याकाळी पुन्हा समुद्रात.

एकदा साफ केले म्हणजे झाले असेही नाही. पावसाळ्यातल्या लाटा किनारा खरवडून वाळू आत नेतात, हिवाळ्यात तीच वाळू परत येऊन बसते. दाणा या वाळूबरोबर गाडला जातो, उघडा पडतो, पुन्हा गाडला जातो. किनाऱ्याला फावड्याने उभा छेद दिला तर वाळू, दाणा, वाळू, दाणा असे पदर दिसतात. पर्ल प्रोटेक्टर्स या श्रीलंकेच्या स्वयंसेवी गटाची माणसे अपघातानंतरही वर्षानुवर्षे त्याच किनाऱ्यांवर चाळण्या घेऊन बसली ती यामुळे.

कोकणासाठी इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. श्रीलंकेच्या पश्चिम किनाऱ्याला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम अर्धा-पाऊण मीटर. मुंबईला उधाणात तो चार मीटरच्या वर जातो. त्यामुळे इथे दोन रेषा पडतील: रोजच्या भरतीची, आणि अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाने पार वर, झाडोऱ्यापाशी टाकलेली. खालच्या रेषेला पाच-सहा तासच मिळतात. वरच्या रेषेला मात्र पुढचे उधाण येईपर्यंत पंधरवडा मिळतो. माणसे कमी असतील तर भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीच्या दिवसांत वरची रेषा संपवायची आणि उधाणाच्या आदल्या दिवशी सगळे हात तिथेच लावायचे. खाड्यांतल्या कांदळवनाचे वेगळे. तिथे चिखलात माणसे उतरवली तर दाणा खाली तुडवला जातो आणि श्वसनमुळे मोडतात. तोंडाशी तरते जाळे लावून आत जाणारा दाणा थोपवणे हेच शहाणपणाचे. एकदा आत गेला की बहुतेक तसाच राहू द्यावा लागतो. ऐकायला वाईट वाटते, पण उपचार रोगाहून जड होऊ द्यायचा नसतो.

गोळा झालेल्या ढिगाचे काय करायचे, हा प्रश्न पहिल्या दिवशी कुणी विचारत नाही. वाळू, मीठ, शेवाळ, काजळी मिसळलेला दाणा पुन्हा मोल्डिंगला चालत नाही. वाळूने स्क्रू आणि बॅरल घासून जातात. सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळता येतो, पण मिठातले क्लोराइड भट्टीला नको असते, म्हणून आधी गोड्या पाण्याने धुवावा लागतो. तोवर साठवण. ती उन्हात, पातळ पोत्यांत केली की काही महिन्यांत पोती उन्हाने विरतात आणि सांडणी दुसऱ्यांदा होते. छप्पर, पक्का कोबा, दुहेरी पोते, भोवती फुटभर उंचीचा कठडा आणि पाणी जायच्या वाटेवर जाळी, एवढे तरी हवेच. जळका माल घातक कचरा म्हणून पहिल्यापासून वेगळ्या पोत्यात ठेवावा. पांढऱ्यात मिसळला की सगळाच घातक ठरतो आणि विल्हेवाटीचा खर्च वाढतो.

मासा, ताट आणि धास्ती

कल्ल्यांत आणि तोंडात पांढरे दाणे अडकलेल्या एका माशाचे छायाचित्र तेव्हा जगभर फिरले. सुमारे ८० किलोमीटर किनाऱ्यावर मासेमारी बंद झाली होती. जिथे बंदी नव्हती तिथलाही मासा लोकांना नको झाला. मच्छीमारांना दोन फटके बसले, एक सरकारी हुकमाचा आणि दुसरा गिऱ्हाइकाच्या मनातला.

दुसरा फटका कितपत रास्त होता? दोन-पाच मिलिमीटरचा दाणा माशाने गिळला तर तो आतड्यात राहतो. आतड्याची भिंत ओलांडून मांसात जाण्याइतका तो लहान नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या अहवालानेही १५० मायक्रोमीटरहून मोठे कण शरीरात शोषले जाण्याची शक्यता कमी असल्याचे म्हटले आहे. बांगडा किंवा सुरमई आपण पोट काढून, धुऊन खातो. तिसऱ्या (शिंपल्या), कालवे, सुकट, जवळा मात्र पोटासकट खातो. म्हणजे काळजी करायचीच तर सगळ्या मासळीची सरसकट नको. सबंध खाल्ल्या जाणाऱ्या जिवांची आणि दाण्याच्या चुऱ्याची करावी. तेव्हा हे कुणी बाजारात उभे राहून साध्या भाषेत सांगितले असते तर दुसरा फटका सौम्य झाला असता.

दाण्याला आणखी एक सवय आहे. पाण्यातली तेलकट विषे, जुनी कीटकनाशके आणि पीसीबी (पूर्वी विद्युत उपकरणांच्या तेलात वापरली जाणारी विषारी रसायने), तो अंगावर ओढून घेतो. टोकियोच्या कृषी आणि तंत्रज्ञान विद्यापीठातले हिदेशिगे ताकादा २००५ पासून जगभरच्या लोकांकडून किनाऱ्यावरचे दाणे टपालाने मागवून ही विषे मोजतात. दाणा जितका जुना तितका पिवळा. पांढरा म्हणजे ताजा. ही खूण पुढे कामाला येईल.

राहिली माणसाच्या भवितव्याची मोठी भीती. इथे तीन प्रश्न एकमेकांत मिसळले जातात. कण सगळीकडे आहेत का? आहेत, समुद्रात दाणे तरंगतात याची नोंद सारगासो समुद्रातून १९७२ मध्येच छापली गेली. माणसाच्या शरीरात आहेत का? आहेत, पण किती, यावर मोठा वाद आहे. नमुना तापवून त्याच्या वाफेवरून पॉलिथिलीन ओळखण्याच्या पद्धतीत चरबीही जवळपास तशाच खुणा देते, आणि मेंदू हा चरबीदार अवयव. आठवड्याला क्रेडिट कार्डाएवढे प्लास्टिक पोटात जाते हा २०१९ पासून फिरणारा आकडा नंतरच्या हिशेबांत कित्येक पटींनी फुगलेला निघाला. अपाय होतो का? २०२४ मध्ये इटलीच्या डॉक्टरांनी मानेच्या रक्तवाहिनीतला थर काढलेल्या २५७ रुग्णांचा मागोवा प्रसिद्ध केला. १५० जणांच्या थरात पॉलिथिलीन मिळाले, आणि ज्यांच्या थरात सूक्ष्म प्लास्टिक होते त्यांच्यात पुढच्या सुमारे ३४ महिन्यांत हृदयविकार, पक्षाघात किंवा मृत्यूचा धोका साडेचारपट दिसला. संबंध दिसला, कारण ठरले नाही. पण हसण्यावारी न्यावे असेही हे नाही.

म्हणून धास्ती खोटी नाही, पत्ता चुकला आहे. लोक पाण्याची बाटली बदलतात, चहाची पिशवी टाकतात. करावे, वाईट नाही. पण आयुष्यभर जपून वापरलेल्या बाटल्यांनी वाचलेले प्लास्टिक एका पॅलेटवरच्या गोण्यांत मावेल, आणि ती पॅलेट डेकवर उघड्यावर रचायची की खाली, हे ठरवणारा कागद आपल्यापैकी फार थोड्यांनी पाहिला आहे.

कागद

श्रीलंकेने हा कागद बदलायची मागणी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेकडे २०२१ मध्येच केली. मार्च २०२४ मध्ये संघटनेच्या सागरी पर्यावरण समितीने कंटेनरमधून दाणा नेण्याविषयी शिफारशी मंजूर केल्या. तीनच गोष्टी: प्रवासातले धक्के सोसेल अशी मजबूत पॅकिंग, वाहतुकीच्या कागदपत्रांत दाणा असल्याचा स्पष्ट उल्लेख, आणि शक्य तिथे डेकखाली किंवा डेकच्या आतल्या, आडोशाच्या जागी रचणी. तिन्ही गोष्टी साध्या आणि स्वस्त. पण शिफारस म्हणजे हुकूम नव्हे. आडकाठी कसली? धोकादायक ठरवले की विमा, भाडे, तपासणी सगळेच वाढते, आणि दाणा हा जगातल्या कच्च्या मालाच्या मोठ्या व्यापारांपैकी एक. खरी तांत्रिक अडचणही आहे: आग लागली तर डेकखालचा माल विझवणे डेकवरच्यापेक्षा अवघड. म्हणून ‘खाली ठेवा’ एवढेच सांगून भागत नाही. ऑक्सिडायझर, म्हणजे नायट्रिक आम्लासारखा प्राणवायू पुरवणारा माल, आणि दाणा यांच्यात अंतराचा नियम हवा, आणि तो दाणा यादीत आल्याशिवाय लिहिता येत नाही.

भरपाईचेही असेच. सागरी दाव्यांत जहाजमालकाच्या जबाबदारीला मर्यादा असते, आणि ती जहाजाच्या टनेजवरून ठरते, नुकसानीवरून नाही. लंडनच्या न्यायालयात ही मर्यादा सुमारे १.९ कोटी पौंड ठरली. २४ जुलै २०२५ रोजी श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कंपनीने १ अब्ज डॉलर द्यावेत असा निकाल दिला. ४१७ कासवे, ४८ डॉल्फिन आणि ८ देवमासे यांच्या मृत्यूंची नोंद त्यात आहे. कंपनीने ही रक्कम भरायला नकार दिला.

आपल्या बाजूचा समुद्र

निकालाच्या दोनच महिने आधी, २५ मे २०२५ ला, कोचीसमोर एमएससी एल्सा ३ हे कंटेनर जहाज बुडाले. ६४० कंटेनर, त्यांपैकी १३ धोकादायक मालाचे, आणि त्यातल्या १२ मध्ये कॅल्शियम कार्बाइड. बातम्या कार्बाइडच्या आणि तेलाच्या. तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्यावर पांढऱ्या गोण्या लागल्या तेव्हा दाण्याचे नाव निघाले. पुन्हा मे अखेर, पुन्हा मोसमी वाऱ्याचे तोंड, पुन्हा यादीबाहेरचा माल. केरळ सरकारने ९,५३१ कोटी रुपयांचा दावा दाखल केला.

महाराष्ट्र यातून बाहेर आहे असे समजायचे कारण नाही. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबईच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ ची टक्कर झाली, कंटेनर पाण्यात गेले, आणि तरंगत्या कंटेनरांमुळे बंदरांची वाहतूक काही दिवस बंद पडली. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी गोव्याच्या किनाऱ्यांवरच्या दाण्यांचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. दाणे कुठल्या मोठ्या अपघाताविना तिथे होतेच, बहुतेक पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीनचे, आणि पावसाळी प्रवाह ते समुद्रातून आणून टाकतात असे त्यांना दिसले. कारखान्याच्या गटारातून, फाटक्या गोणीतून, ट्रक धुतल्यावर जे वाहते तेही शेवटी तिथेच. लोडिंगच्या जागी जाळीचे झाकण आणि गटाराला एक मिलिमीटरची चाळणी बसवली तर त्यातले बरेच अडते, आणि अडलेला दाणा परत हॉपरमध्ये घालता येतो. मालकाचाच माल आहे तो.

किनारी जिल्ह्याने मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत काय तयार ठेवावे, हे या दोन प्रकरणांतून पुरेसे कळते. दोन, तीन आणि पाच मिलिमीटरच्या चाळण्या, एक फिरते पिंप, ताडपत्र्या, दुहेरी पोती, छपराची जागा ठरलेली. बुडालेल्या जहाजाची पूर्ण यादी, धोकादायक नसलेल्या मालासकट, पहिल्याच दिवशी मागायची. आणि झाडू हातात घेण्याआधी नमुने. अर्धा मीटर लांब-रुंद चौकट वाळूवर ठेवायची, वरचा पाच सेंटिमीटर थर उचलायचा, चाळायचा, मोजायचा; दर किनाऱ्यावर अशा पाच-सहा चौकटी, भरतीरेषेला समांतर. दाणे काचेच्या बाटलीत, प्लास्टिकच्या नाही, आणि अंधारात. चिठ्ठीवर जागा, तारीख, वेळ, भरतीची स्थिती, उचलणाऱ्याची सही. एक फुटकी गोणीही जपून ठेवायची, छापील बॅच क्रमांकाचा भाग वर करून. कारण पुढे खटल्यात वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की हा दाणा याच जहाजाचा कशावरून, आणि तोवर पांढरा दाणा पिवळा पडून गोव्याच्या जुन्या दाण्यांत मिसळून गेलेला असतो.